पाहणारे वेगळे, पैसे देणारे वेगळे

बेंगळुरूत नव्यानं धंद्यात उतरलेला जादूगार हल्ली सगळ्यात आधी काय करतो? रील बनवतो. हातातला पत्ता गायब होतो, कानामागून नाणं निघतं, वर दणदणीत संगीत. रील भरपूर लोक बघतात. त्यातले बरेचसे दुसरे जादूगारच असतात ही गोष्ट वेगळी. फोन मात्र वाजत नाही. मग तो आणखी अवघड प्रयोग शिकतो, आणखी महागडा कॅमेरा घेतो. हातचलाखीत त्याचं काही कमी नसतं. दाखवायचं कोणाला, एवढं चुकलेलं असतं.

या धंद्यात जादू पाहणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. वाढदिवसाला मुलं बघतात, पैसे आई देते. कंपनीच्या फॅमिली डेला इंजिनिअर आणि त्यांची पोरंबाळं टाळ्या वाजवतात, पण जादूगार ठरवते ती एचआरमधली कोणी एक मुलगी, आणि कार्यक्रम पडला तर सोमवारी बोलणीही तीच खाते. सोसायटीच्या गणपतीत सांस्कृतिक समितीवरचे एक काका असतात, त्यांचीही तीच गत. या मंडळींना आधी निर्धास्त व्हायचं असतं. थक्क होणं नंतरचं. कार्यक्रम किती मिनिटांचा? कुठल्या भाषेत? स्टेज लागेल की क्लब हाउसचा हॉल चालेल? आगबीग नाही ना? चार वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा एकाच वेळी बसून बघतील का? आणि सगळ्यात बेंगळुरी प्रश्न: सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून तुम्ही साडेपाचला पोचणार का? रीलमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. ज्याच्या पहिल्या व्हॉट्सअॅप संदेशातच ही उत्तरं असतात, तो सामान्य प्रयोग करूनही वर्षभर कामात असतो.

म्हणजे गाजावाजा फुकट का? तसं नाही. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी एका मुलीला टेबलावर झोपवून करवतीनं कापलं. नंतर तिला हाका मारल्या, हात चोळले, ती उठेना. तिच्या चेहऱ्यावर कापड टाकलं गेलं आणि निवेदक रिचर्ड डिम्बलबी यांनी पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. लोकांना वाटलं मुलगी गेली. बीबीसीचे फोन तुंबले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तीच बातमी. मुलगी अर्थातच ठणठणीत होती. वेळ संपली म्हणून असं झालं, की घड्याळाचा काटा सांभाळणाऱ्या सरकारांनी ते मुद्दाम जमवून आणलं, यावर आजही गप्पा रंगतात. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच वेळी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात त्यांचे खेळ लागलेले होते. घाबरलेल्या माणसाला सकाळी उठून तिकीट काढायला एक खिडकी होती. खळबळ आधी आणि खिडकी नंतर असं झालं असतं, तर बातमी चार दिवसांत विरली असती. आपल्या रीलवाल्या मित्राकडे खळबळ थोडीबहुत आहे. खिडकी नाही. व्हिडिओखाली नंबर नाही, नंबर असला तर उत्तर तीन दिवसांनी, आणि दर विचारला की ‘डीएम करा’.

मराठी वाचकाला जादूगार म्हटलं की पुण्याचे रघुवीर आठवतात. मूळ नाव रघुवीर भोपळे. जन्म १९२४, निधन १९८४. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचं पुस्तक अनेक घरांत असायचं. त्यांच्या जाहिरातीची करामत त्यांच्या नावातच आहे. भोपळे आडनाव मागे पडलं, ‘जादूगार रघुवीर’ उरलं, आणि मुलगा विजय, नातू जितेंद्र असे पुढच्या दोन पिढ्यांनी ‘रघुवीर’ हेच आडनावासारखं लावलं. आज आमच्याकडचा नवा मुलगा इंग्रजी भपक्याचं नाव घेतो. तसलीच नावं आणखी दहा जणांची असतात, आणि पार्टीतून घरी गेलेल्या आईला दुसऱ्या आईला सांगताना ते काही आठवत नाही. ‘तो दाढीवाला मॅजिशियन गं’ यापुढे गाडी जात नाही. साधं, उच्चारायला सोपं, एकच नाव घ्या आणि ते आयुष्यभर बदलू नका.

बेंगळुरू एक शहर नाही, हेही नव्या माणसाला उशिरा कळतं. व्हाइटफील्डहून बनशंकरीला संध्याकाळी जाणं म्हणजे दिवस संपला. म्हणून आधी एकच पट्टा धरावा. सर्जापूर रोड धरा, नाहीतर एचएसआर. एकाच मोठ्या गृहसंकुलात सहा वाढदिवस चांगले केले, की सातवा फोन आपोआप येतो, कारण त्या सहाही पार्ट्यांना तीच मुलं आणि त्याच आया हजर असतात. त्यामुळे प्रयोगही सहा प्रकारचे लागतात, हे विसरू नका. ‘हे आम्हाला माहितीये!’ असं ओरडणाऱ्या पोरासारखा क्रूर समीक्षक दुसरा नाही.

कंपन्यांचं जग निराळं. तिथे शिरायला तिथली भाषा यावी लागते. नकुल शेणॉय हे बेंगळुरूचं मनकवड्या प्रयोगांसाठी गाजलेलं नाव. ते आधी सॉफ्टवेअर क्षेत्रात, यूझर एक्स्पीरियन्सच्या कामात होते. जादूवर इंग्रजी पुस्तकही त्यांनी लिहिलं आहे. समोर बसलेल्यांची बैठकीची, कंटाळ्याची, शुक्रवारच्या दुपारची नस अशा माणसाला ठाऊक असते. नोकरी सोडून जादूकडे वळणाऱ्यांनी आपला जुना अनुभव लपवू नये, तोच विकावा.

आणि कन्नड शिका. संकुलातली पोरं इंग्रजीत बोलतील, पण नोव्हेंबरभर चालणाऱ्या राज्योत्सवाच्या कार्यक्रमांत ‘हेगिद्दीरा?’ (कसे आहात?) म्हणून सुरुवात करणाऱ्याला जी पहिली टाळी मिळते, ती कबुतरं काढूनही मिळत नाही. (कबुतरं काढूच नका. प्राण्यांच्या खेळांना २००१ च्या नियमांनुसार नोंदणी लागते.) ‘दैवी शक्ती’ वगैरे शब्दही कार्डावर नकोत. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी १९७६ मध्ये चमत्कारांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती; त्या शहरात वशीकरणवाल्यांच्या रांगेत जाऊन बसण्याचं काही कारण नाही.

आता पैशाचं. इथे आपल्या जुन्या गारुड्यांकडून शिकावं. डमरू वाजवून गर्दी जमवायची, खेळ रंगात आणायचा आणि नेमका टोपलीखालच्या पोराचं काय होणार या क्षणी थांबून थाळी फिरवायची. खेळ संपल्यावर कोणी थांबत नाही, हे गारुड्याला पक्कं माहीत. आमचा पदवीधर जादूगार मात्र ‘मागून देतो’वर विश्वास ठेवतो आणि मग महिनाभर फोन करत बसतो. निम्मी रक्कम तारीख ठरताना घ्यावी, उरलेली घरगुती कार्यक्रमात त्याच संध्याकाळी. कंपनी आगाऊ देत नसेल तर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती ऑनलाइन होते, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करायला २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, आणि बिलावर तो नोंदणी क्रमांक दिसला की लेखा विभागाची चाल थोडी बदलते. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे ‘जीएसटी नंबर नाही तर काम नाही’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला हे शांतपणे सांगता यावं.

फुकट कार्यक्रमांबद्दल माझं मत कडक आहे. ‘आमच्याकडे मोठमोठे लोक येतात, तुमची ओळख होईल’ हे ऐकून गेलेल्याची ओळख फुकट येणारा म्हणूनच होते, आणि पुढचा फोनही फुकटाचाच येतो. सरावासाठी अनाथालयात, सरकारी शाळेत जरूर जा. ते तुम्ही निवडलेलं असतं.

फुकट बोलावणाऱ्यांत आपली मराठी माणसंही येतात. गांधीनगरातलं शंभरी ओलांडलेलं महाराष्ट्र मंडळ आणि व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटीकडची नवी मंडळं गणेशोत्सवात गायक, नाटक पुण्या-मुंबईहून आणतात, प्रवासखर्चासकट मानधन देतात. गावातल्या होतकरू जादूगाराला मात्र ‘मुलांसाठी दोन-चार जादू दाखव आणि जेवून जा’ असं सांगितलं जातं. समितीवरच्या काका-काकूंना विनंती आहे: यंदा त्याला पत्रिकेत नावासह अर्धा तास द्या, त्याचा दर विचारा, आणि निम्मे पैसे आधी पाठवा.