बाग पाहावी सावकाश

प्रवासाला निघालेला माणूस किल्ला पाहतो, मंदिर पाहतो, संग्रहालय पाहतो. बागेत मात्र तो केवळ विसावतो. पाय दुखू लागले किंवा गाडीला अवकाश असला, की सहल आखणाऱ्यांना उद्यानाची आठवण होते. घाईघाईने चार छायाचित्रे काढून मंडळी पुढच्या स्थळाकडे धावतात. उद्यानाच्या वाट्याला येणारी ही उपेक्षा योग्य नाही. बागही वाचावी लागते, आणि ती वाचायला वेळ लागतो.

जपानी उद्यानाची रचनाच मुळी घाई करणाऱ्याला दाद देत नाही. तेथे पायवाट सरळ जात नाही. ती टेकडीला वळसा घालते, झाडाआड शिरते आणि तळ्याचे एकेक रूप क्रमाने उलगडते. क्योतो येथील र्‍योआन्जी मंदिरात पांढऱ्या खडीवर १५ दगड मांडलेले आहेत. परंतु ओसरीवर कोठेही बसले तरी ते सर्व एकाच वेळी दिसत नाहीत. काहीतरी नजरेआड राहतेच, हे त्या बागेचे मर्म होय. ज्याला सारे एकाच चित्रात टिपायचे आहे, त्याच्या हाती तेथे फारसे काही लागत नाही.

गुलाबाची बाग याच्या अगदी उलट स्वभावाची. ती काहीच लपवीत नाही. चंडीगड येथे डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ साली उभारलेले झाकिर हुसेन गुलाब उद्यान सुमारे ३० एकरांवर पसरले आहे. फेब्रुवारीच्या सुमारास तेथे रंगांची नुसती उधळण असते. मात्र या उधळणीमागेही संयम आहे. रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरावा लागतो. पावसाळा सरल्यावर छाटणी करावी लागते, आणि त्यानंतर फुलांसाठी कित्येक आठवडे थांबावे लागते. पाहुणा पाहतो ते फूल. माळ्याने पाहिलेली असते ती उघडी, काटेरी फांदी.

वर्षातून मोजक्याच सुट्या मिळणाऱ्या कष्टकऱ्याने बागेसाठी तास दोन तास कोठून आणावेत, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु दिवसभरात दहा ठिकाणे पाहून थकून परतण्यापेक्षा आठच पाहावीत आणि उरलेला वेळ एका बागेला द्यावा, यात तोटा कोणता? रोजच्या कामात ज्याला क्षणाची उसंत नसते, त्यालाच निवांतपणाची खरी गरज असते.

शिवाय, हा निवांतपणा सर्वांना सहज लाभलेला नाही. ओकायामा शहरातील प्रसिद्ध कोराकुएन उद्यान तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने बांधविले. ते १७०० साली पूर्ण झाले. सर्वसामान्य जनतेसाठी मात्र ते १८८४ साली खुले झाले. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बाँबहल्ल्याने त्याची मोठी हानी झाली, तेव्हा जुनी चित्रे व आराखडे पाहून ते पुन्हा उभे करण्यात आले. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. एकेकाळी जे वैभव सरदारांपुरते होते, त्याच्या प्रतिरूपातून आज कोणीही मोकळेपणाने फिरू शकतो.

जे सर्वांचे झाले, ते जपण्याची जबाबदारीही सर्वांचीच होते. फूल तोडणारा हात मागाहून येणाऱ्या प्रत्येकाचा वाटा हिरावून घेतो. हिरवळ तुडवणारा पाय माळ्याच्या कित्येक दिवसांच्या श्रमांवर पडतो. म्हणून बागेत शिरताना प्रवाशाने पावले थोडी मंद करावीत, एखाद्या बाकावर बसावे आणि ताटव्यात वाकून काम करणाऱ्या माणसाकडेही पाहावे. त्याची मेहनत ज्याला दिसली, त्याने ती बाग खऱ्या अर्थाने पाहिली.