रक्तदान करा, पण फॉर्म खरा भरा!

'रक्तदान श्रेष्ठ दान' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की आता ते फक्त बॅनरवरच शोभतं. माझा रक्तदानाला विरोध मुळीच नाही. पण कॉलेजच्या कॅम्पमध्ये आपण ज्या घाईने ते उरकतो, त्याबद्दल थोडं बोलायचंय.

आपल्याच नागपूरची गोष्ट घ्या. मे 2022 मध्ये बातमी आली की थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि त्यातलं एक मूल दगावलं. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घ्यावंच लागतं. नॅट चाचणी न केलेलं रक्त दिल्यामुळे हे झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आरोग्य विभागाने चौकशी करू असं जाहीर केलं.

तुम्ही म्हणाल, रक्त तपासूनच देतात ना? हो, देतात. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस विषाणू रक्तात असतो, तरी चाचणीत सापडत नाही. हाच विंडो पिरियड. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नल आहे, पण सेन्सरच्या मर्यादेखाली! नेहमीच्या एलायझा चाचणीत हा काळ काही आठवड्यांचा असतो. नॅट थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते, म्हणून तो सुमारे दहा दिवसांवर येतो. शून्यावर मात्र येत नाही. शिवाय नॅट महाग, आणि 2022 मध्ये ती देशात सक्तीचीही नव्हती.

मग त्या दिवसांत राखण कोण करतं? रक्तदात्याचा फॉर्म! वर्षभरात टॅटू काढला का, कधी सुईने नशा केली का, असुरक्षित संबंध आला का, हे प्रश्न त्यासाठीच असतात. आणि आपण काय करतो? शेजाऱ्याचं जर्नल उतरवावं तसं सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे! मागे चार दोस्त उभे, "काऊन बे, घाबरला का?" म्हणत. अशा गर्दीत खरं कोण लिहील?

म्हणून माझ्या मते आयोजकांनी तीन गोष्टी कराव्यात. फॉर्म भरायला आडोशाचं टेबल ठेवावं. कुठल्या ब्रँचच्या किती बाटल्या, ही शर्यत बंद करावी. आणि रक्तपेढीला बोलावण्याआधी नॅट करता का, हे विचारावं.

ज्याला शंका आहे त्याने फुकट तपासणी होते म्हणून रक्त देऊ नये. मेडिकल आणि मेयोच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. 2017 च्या कायद्याचंही त्याला संरक्षण आहे. फोनवर विचारायचं असेल तर 1097 आहे.

आणि कोणी रांगेतून गुपचूप बाहेर पडला, तर राजेहो, त्याला चिडवू नका. कुणाचं तरी पोर वाचवलं असेल त्याने!