जर्सीवरचा लोगो आणि कोर्टवरची मिनिटं

एप्रिल उजाडला की आपल्या मंडळातल्या अनेक घरांचे शनिवार-रविवार बास्केटबॉलच्या नावावर जमा होतात. शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या गाडीत सामान भरायचं, रात्री उशिरा हॉटेल गाठायचं आणि सकाळी आठच्या मॅचला हजर राहायचं. आईवडील हे सगळं हौसेने करतात. पण अलीकडे या हौसेत एक हिशेब शिरला आहे: मुलगा मोठ्या नावाच्या टीममध्ये गेला की कॉलेजचे कोच त्याला बघतील आणि त्यांनी बघितलं की स्कॉलरशिप मिळेल. हा हिशेब चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळी लीग मुलांनी जरूर खेळावी. मात्र टीम निवडताना जर्सीवरचा लोगो बघू नये. मुलाला कोर्टवर किती मिनिटं मिळतात आणि त्या मिनिटांत तो काय शिकतो, ते बघावं.

या लीगना एवढं महत्त्व आलं त्याला व्यावहारिक कारण आहे. हायस्कूलचा आणि कॉलेजचा मोसम एकाच वेळी, हिवाळ्यात असतो. कॉलेजचा कोच स्वतःच्या टीममध्ये अडकलेला असताना गावोगावच्या शाळांत जाऊन एकेक मुलगा बघणार कधी? उन्हाळ्यात मात्र एकाच छपराखाली डझनभर कोर्ट लागतात आणि देशभरातले खेळाडू तिथे येतात. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी एनसीएए ही संस्था त्यासाठी ठरावीक तारखा जाहीर करते. त्यांना सगळे ‘लाइव्ह पिरियड’ म्हणतात. त्या दिवसांत डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यांत वरच्या गटातल्या कॉलेजांचे कोच मॅच बघायला येऊ शकतात. नाइकीच्या ईवायबीएल लीगचा शेवट जुलैमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावी ‘पीच जॅम’ने होतो. आदिदास आणि अंडर आर्मर यांच्याही अशाच लीग आहेत.

अशा स्पर्धेत कोर्टच्या कडेला घडीच्या खुर्च्यांची रांग असते. कॉलेजचा लोगो असलेला शर्ट घालून कोच तिथे बसतात. त्यांच्या मांडीवर एक पुस्तिका असते. तिच्यात प्रत्येक खेळाडूचा नंबर, उंची, इयत्ता आणि संपर्क दिलेला असतो, आणि त्या पुस्तिकेसाठी कोचला शेकडो डॉलर मोजावे लागतात. तो घरून यादी घेऊन आलेला असतो आणि त्याचा बहुतेक वेळ त्या यादीतली नावं पारखण्यात जातो. शेजारच्या कोर्टवर त्याच्या यादीतला मुलगा उतरला की तो उठून तिकडे जातो. आपला मुलगा त्याच इमारतीत खेळत होता, एवढ्यावरून त्याला कोणी पाहिलं असं होत नाही.

हा बाजार मुळात कोणी उभा केला, हेही लक्षात घ्यावं. सॉनी व्हकारो यांनी १९६५ मध्ये पिट्सबर्गमध्ये हायस्कूलच्या निवडक खेळाडूंची स्पर्धा सुरू केली. पुढे ते नाइकीत गेले. १९८४ मध्ये मायकल जॉर्डनला नाइकीकडे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. उद्याचा स्टार शाळेत असतानाच आपल्या बुटांत उभा करायचा, हे गणित तेव्हापासून बूट कंपन्यांनी पक्कं केलं. त्याचं टोक २०१७ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. एफबीआयच्या तपासातून चार कॉलेजांचे सहायक कोच आणि आदिदासचा एक अधिकारी यांच्यासह दहा जणांवर आरोप ठेवले गेले. खेळाडूंच्या घरी पैसे पोचवून त्यांना आदिदासशी करार असलेल्या कॉलेजांकडे वळवल्याबद्दल तिघांना पुढे दोषी ठरवण्यात आलं. या प्रकरणानंतर नेमलेल्या कोंडोलिझा राइस यांच्या आयोगाने २०१८ मध्ये सुधारणा सुचवल्या आणि २०१९ पासून जूनमध्ये शाळेच्या टीमसोबत खेळणाऱ्या मुलांना बघण्याची कॉलेजच्या कोचची सोय झाली. तरी लीगचा गाभा बदलला नाही. ज्या दहा-वीस मुलांवर कंपन्यांची नजर असते, त्यांच्याभोवतीच ती फिरते.

बाकीच्यांचं काय होतं? हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी डिव्हिजन वनमध्ये पोचतो जेमतेम एक. त्यातही २०१८ मध्ये कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारं ट्रान्सफर पोर्टल आलं आणि २०२१ पासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अटही सुटली. आता कोचला बावीस वर्षांचा, अंगाने भरलेला, कॉलेजचे तीन मोसम खेळलेला खेळाडू आयता मिळतो. मग सतरा वर्षांच्या मुलाला घडवत बसायला तो का तयार होईल? हायस्कूलच्या मुलांसाठीच्या जागा आकसत आहेत, पण उन्हाळी टीमची फी काही उतरत नाही.

यावर पालक म्हणतात, “दिसलाच नाही तर निवडला कसा जाणार?” प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर एनबीएचा स्टार स्टेफन करी याच्या गोष्टीत सापडतं. शाळेत असताना तो अंगाने बारीक होता. वडील एनबीएत खेळलेले असूनही मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजचे कोच बॉब मॅककिलप यांनी लास व्हेगासच्या एका उन्हाळी स्पर्धेत त्याला पाहिलं. त्या दिवशी करीचा खेळ पार बिघडला होता. चेंडू हातचे जात होते, नेम लागत नव्हता. तरी त्याने पंचांना किंवा साथीदारांना बोल लावला नाही, बेंचवर बसल्यावरही तो टीमला हुरूप देत राहिला आणि कोच बोलत असताना त्यांच्या नजरेला नजर देऊन ऐकत होता. मॅककिलप यांनी हेच हेरलं आणि त्याला टीममध्ये घेतलं. २००८ मध्ये करीच्या खेळावर डेव्हिडसन देशातल्या शेवटच्या आठ टीममध्ये पोचली. करी दिसला, कारण तो कोर्टवर होता. बारा जणांच्या नावाजलेल्या टीममध्ये बाराव्या नंबरच्या मुलाला वीस गुणांची आघाडी झाल्यावर शेवटची तीन मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात कोणालाही काय दिसणार?

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण वरुण राम या भारतीय वंशाच्या खेळाडूचं आहे. तो आधी डिव्हिजन थ्रीमधल्या ट्रिनिटी कॉलेजात खेळला. मग मेरीलँड विद्यापीठात गेला आणि स्कॉलरशिपची हमी नसताना टीममध्ये शिरला. २०१५ च्या एनसीएए स्पर्धेत व्हॅलपरायझोविरुद्ध शेवटच्या क्षणी कोचने त्यालाच बचावासाठी उतरवलं आणि त्याने समोरच्याला शॉट घेऊ दिला नाही. मेरीलँडने तीन गुणांनी मॅच जिंकली.

डिव्हिजन थ्रीकडे आपले पालक फारसे वळून बघत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, पण गुणवत्तेवर आणि घरच्या परिस्थितीवर आर्थिक मदत मिळते. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, कार्नेगी मेलन या सगळ्यांच्या बास्केटबॉल टीम याच डिव्हिजनमध्ये खेळतात. अशा ठिकाणी कोचला मुलाचे मार्क आधी बघावे लागतात, कारण प्रवेशच मिळाला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. अभ्यासात चांगल्या आणि खेळात मन लावणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा राजमार्ग आहे. त्यासाठी ईवायबीएलची जर्सी लागत नाही. मॅचचा नीट केलेला व्हिडिओ, मार्कांची प्रत आणि मुलाने स्वतः लिहिलेला ईमेल एवढं पुरतं.

म्हणून माझं सांगणं असं आहे. ट्रायआउटनंतर चेक लिहिण्याआधी कोचला विचारा: आठवड्याला सराव किती वेळा होतो? माझा मुलगा साधारण किती खेळेल? गेल्या तीन वर्षांतली तुमची सगळी मुलं, फक्त ब्रोशरवरची नाहीत, आज कुठे आहेत? उत्तर देताना कोच घुटमळला तर दुसरी टीम शोधा. जूनमध्ये मुलाला शाळेच्या टीमसोबत खेळू द्या. शाळेचा कोच त्याला वर्षभर बघतो, त्यामुळे कॉलेजच्या कोचने चौकशी केली तर त्याच्या शब्दाला वजन असतं.

मंडळानेही यात हात घालावा. कॉलेजात खेळलेली आपली मुलंमुली दर वर्षी मार्चमध्ये, ट्रायआउटच्या आधी, नव्या पालकांसमोर बसवावीत. कोणाला काय मिळालं, किती खर्च आला, काय टाळता आलं असतं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावं. ज्यांना टीमची फी झेपत नाही अशा घरांसाठी गाड्यांची आणि राहण्याची सोय आपण मिळून करू शकतो. बूट कंपन्या त्यांच्या फायद्याचं बघणारच. आपल्या मुलांच्या फायद्याचं बघणं हे आपलं काम आहे आणि त्याची सुरुवात येत्या मार्चपासून करता येईल.