लिपीला कलमा पढवू नका

"मुसलमान असून मराठीत लिहिता?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. आपले विचारतात, उर्दूत का नाही? बाकीचे विचारतात, तुमची भाषा उर्दू ना? दोघांचंही गृहीतक एकच: मुसलमानाची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तीच त्याच्या धर्माची खूण. हे तपासायचं तर अरबी अक्षरांत लिहिल्या गेलेल्या दोन भाषा शेजारी ठेवा, मलय आणि पंजाबी.

मलयच्या अरबी लिपीला जावी म्हणतात. अरबी वर्णमालेत प, च, ग, ङ नाहीत. मग मलय लोकांनी फेवर तीन नुक्ते देऊन प केला, काफला एक नुक्ता देऊन ग, ऐनवर तीन देऊन ङ. पंजाबीची शाहमुखी फारसी-उर्दूच्या वाटेने आली. तिथे प म्हणजे बेखाली तीन नुक्ते आणि ग म्हणजे काफवर जादा रेघ. च दोघांचा एकच, पण प आणि ग वेगळे. धर्म एक, कुराण एक, तरी प एक नाही!

शाहमुखीला उर्दूची अक्षरंही पुरत नाहीत. पंजाबीत मराठीसारखेच ण आणि ळ आहेत. त्यांच्यासाठी नून आणि लामच्या डोक्यावर छोटी तोय बसवली, जशी उर्दू ट आणि ड वर बसवते. ळ चं हे अक्षर युनिकोडमध्ये यायला 2020 साल उजाडलं. म्हणजे अक्षरं भाषेसाठी वाकतात, भाषेने अक्षरांसाठी वाकायचं नसतं.

राहिला धर्म. 1758 मध्ये डच मिशनऱ्यांचं मलय बायबल छापलं गेलं ते जावी लिपीत. आणि बाबा फरीद या मुसलमान सूफीची पंजाबी वाणी गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहे, गुरुमुखीत. आता सांगा, कोणत्या लिपीचा धर्म कोणता?

मलेशियाने 1963 च्या कायद्याने रोमन लिपी अधिकृत केली. तिथल्या मलय माणसाचा एकही रोजा त्यामुळे कमी झाला नाही. मात्र 2019 मध्ये चिनी आणि तमिळ शाळांच्या चौथीच्या मलय पुस्तकात जावीची ओळख करून देणारी काही पानं घालायचं ठरलं, तर केवढा गदारोळ! जावीत धर्म शोधणारे दोन्ही बाजूंना होते. उलट पाकिस्तानात पंजाबी ही सर्वाधिक लोकांची मातृभाषा, लिपीही उर्दूच्याच घरची. तरी तिथल्या पंजाबात मुलं शाळेत शिकतात ती उर्दू आणि इंग्रजीत. सारख्या लिपीने पंजाबीला वाचवलं नाही. भाषा घरात आणि शाळेत जगते, नुक्त्यांत नाही.

आपली मराठीही कालपरवापर्यंत मोडीत लिहिली जायची. मोडी गेली म्हणून कोणी धर्मांतर झाल्याचं म्हटलं नाही. मग कोकणातला, मराठवाड्यातला मुसलमान देवनागरीत लिहितो, तेव्हाच त्याच्या ईमानाची किंवा मराठीपणाची झडती का?

उर्दू जरूर शिका, मीही वाचतो. पण मुलाला त्याच्या मातृभाषेची लाज वाटेल असं काही शिकवू नका. आणि आमच्या मराठीला दाखला मागणाऱ्यांनी आधी आपल्या बोलण्यातले 'दाखल', 'अर्ज' आणि 'जमीन' कुठून आले ते पाहावं.