दुहेरी पिवळ्या निशाणाचा अर्थ

मोटारींच्या शर्यतीत पिवळे निशाण हलू लागले की पुढे धोका आहे, वेग कमी करावा, असा त्याचा अर्थ होतो. दोन निशाणे एकदम हलली, तर वेग बराच उतरवून प्रसंगी थांबण्याचीही तयारी ठेवावी, असे नियम सांगतो. तथापि ‘बराच’ म्हणजे किती, हे ठरविण्याचे काम दीर्घकाळ चालकांवरच सोपविलेले होते आणि खरे दुखणे तेथेच होते. जो प्रामाणिकपणे वेग उतरवितो त्याचे सेकंद वाया जातात. जो तसा देखावा करतो तो पुढे निघून जातो. अशा स्थितीत केवळ चालकांच्या विवेकाला आवाहन करून भागत नाही.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे भर पावसात एड्रियन सुटिलची गाडी घसरून कठड्यावर आदळली. ती उचलण्यासाठी ट्रॅक्टर आत आला. दुहेरी निशाणे हलत होती. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकीची गाडी त्याच जागी सुटली आणि ताशी १२६ किलोमीटर वेगाने त्या ट्रॅक्टरवर आदळली. नऊ महिने बेशुद्धावस्थेत काढून जुलै २०१५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने नेमलेल्या दहा जणांच्या समितीने, बियांकीने पुरेसा वेग कमी केला नव्हता, असा निष्कर्ष काढला. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु शर्यत चालू ठेवण्याचा अधिकाऱ्यांचा निर्णय आधीच्या आठ वर्षांतील ३८४ प्रसंगांतील प्रथेला धरूनच होता, असेही समितीने म्हटले. हे समर्थन मात्र विचित्र आहे. गवताच्या गंजीशेजारी उघडा दिवा ३८४ वेळा ठेवूनही आग लागली नाही, एवढ्यावरून तो तेथे ठेवणे शहाणपणाचे ठरत नाही. शिवाय ह्याच सुझुकावर १९९४ मध्ये मार्टिन ब्रंडलची गाडी पावसात घसरून, दुसरी गाडी हटविणाऱ्या एका मार्शलवर गेली होती व त्याचा पाय मोडला होता. सूचना वीस वर्षे आधीच मिळाली होती.

निशाण हलविणारे, गाड्या ओढणारे हे मार्शल बहुधा विनावेतन काम करणारे हौशी स्वयंसेवक असतात. त्यांच्या अंगाभोवती ना पोलादी सांगाडा, ना डोक्यावर चालकासारखे शिरस्त्राण. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे फ्रेडरिक यान्सन व्हान व्ह्यूरेन हा अवघा एकोणीस वर्षांचा मार्शल अग्निशामक नळकांडे घेऊन धावपट्टी ओलांडत होता. चढावापलीकडून आलेल्या टॉम प्राइसच्या गाडीखाली तो सापडला. ते नळकांडे डोक्यावर आदळून प्राइसही गेला. तेथे प्राइसचा दोष काय होता? चालकाच्या शिस्तीलाही मर्यादा असतात, त्या अशा.

२०१५ पासून नियंत्रण कक्षाच्या एका आदेशाने सर्व गाड्यांना किमान वेळ बांधून देण्याची पद्धत आली. त्याहून लवकर टप्पा गाठणाऱ्याला शिक्षा होते. सगळेच सारखे हळू झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. मंद वेगात टायर थंड होतात आणि पकड जाते, ही चालकांची तक्रार खोटी नाही. पण ती धोक्याच्या जागी वेग राखण्याची सबब होऊ शकत नाही.

इतके होऊनही २०२२ मध्ये, त्याच सुझुकावर, तशाच पावसात, गाड्या फिरत असताना ट्रॅक्टर पुन्हा धावपट्टीवर आला. पिअर गॅस्ली त्याच्याजवळून गेला. लाल निशाणाखाली ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली व ती योग्यच होती. परंतु तुषारांच्या पडद्याआड काहीच दिसत नसताना तो ट्रॅक्टर आत सोडणाऱ्यांची चूक त्याने पुसली जात नाही. पाऊस असेल तेव्हा प्रत्येक गाडी सुरक्षा-गाडीमागे रांगेत आल्याची किंवा पिटमध्ये परतल्याची खात्री झाल्याशिवाय एकही ट्रॅक्टर, एकही मार्शल कठड्याच्या आत जाता कामा नये. त्यात शर्यतीची पाच-दहा मिनिटे गेली, तर प्रेक्षकांनी ती सोसावीत.