मामा, गिऱ्हाईक कुठून आणायचं?

गेल्या रविवारी भाचा आला होता. सिव्हिलची डिग्री झाली, दोन वर्षं पुण्यात एका मोठ्या साईटवर काढली आणि आता सांगलीत स्वतःची कामं घ्यायची म्हणतोय. व्हिजिटिंग कार्डं छापून झालीत, फेसबुकवर पान झालंय, कुठल्याशा वेबसाइटला पैसेही भरून झालेत. तिथून फोन येतात म्हणे, पण सगळ्यांचा प्रश्न एकच, "स्क्वेअर फुटाचा दर काय?" दर सांगितला की फोन बंद! चहा पिता पिता त्यानं विचारलं, "मामा, नवीन गिऱ्हाईक कुठून आणायचं?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून इथं लिहितोय. ताई हे वाचतेच, त्याच्यापर्यंत पोचेल.

माझं मत सरळ आहे. आमच्या धंद्यात नवीन गिऱ्हाईक जुन्या गिऱ्हाइकाच्या घरात भेटतं. तेही वास्तुशांतीच्या दिवशी नाही. त्या दिवशी शे-दीडशे माणसं जेवून जातात, नळ सोडून बघतात, फरशीवर टकटक करतात आणि "काम कुणाकडं होतं?" असं विचारतात. पूर्वी मला वाटायचं, हीच आपली जाहिरात. पण त्या दिवशी सगळीच घरं छान दिसतात हो, रंग ताजा असतो! खरा निकाल लागतो पहिल्या पावसाळ्यात.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. 2011 साली विश्रामबागच्या पुढं एका नव्या लेआउटमधे मी एका निवृत्त गुरुजींचा बंगला बांधला. पुढच्या जुलैत त्यांचा फोन आला. पॅरापेटची भिंत गच्चीला जिथं मिळते, त्या कोपऱ्यातून ओल उतरत होती. "पाऊस उघडू दे, बघतो," म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं, ओल्यात ते काम होत नाही. पण पाऊस उघडला, दसरा गेला, दिवाळी गेली. दोन साईट चालू होत्या, गुरुजींचं नाव दिसलं की मी फोन उचलेनासा झालो. काम होतं जेमतेम आठ-दहा हजारांचं.

पुढच्या दोन वर्षांत त्याच लेआउटमधे चार बंगले उभे राहिले. मला एकानंही दर विचारला नाही. गुरुजींनी माझी बदनामी केली नव्हती. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचे, "घर चांगलं बांधलंय, पण नंतर फोन उचलत नाहीत." तेवढं पुरलं. त्या काळात एकदा तीन महिने हाताला काम नव्हतं. सहा वर्षं माझ्याकडं असलेली विजापूरकडची दोन गवंडी कुटुंबं दुसऱ्या मुकादमाकडं गेली. जाताना काही बोलली नाहीत. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून एक नियम केलाय. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला की, गेल्या पाच वर्षांत बांधलेल्या प्रत्येक घरी न बोलावता जायचं. पाचच का? 2016 च्या रेरा कायद्यानं बिल्डरवर ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी टाकली आहे. मालकाच्या प्लॉटवर घर बांधून देणाऱ्या माझ्यासारख्याला तो लागू नाही, पण आकडा मला पटला. गच्ची बघायची, बाथरूमच्या बाहेरची भिंत बघायची, खिडकीखालचे कोपरे बघायचे. चूक माझी असेल तर पैसे न घेता दुरुस्त करायची. दरवेळी त्यातून काम मिळतं असं नाही. बऱ्याच घरी नुसता चहा होतो. पण कधीतरी उठता उठता कुणी म्हणतं, "आमच्या मेव्हण्यालाही बांधायचंय."

दराचंही सांगतो. दर पाडून काम मिळतं, नाही असं नाही. मग कंपाउंड जादा, पाण्याची टाकी जादा, गेट जादा, आणि शेवटच्या बिलाला भांडण. त्यापेक्षा दरात काय धरलं नाही, ते पहिल्याच भेटीत एका कागदावर मराठीत लिहून द्यावं. तो कागद बघून काही जण परत येत नाहीत. न येऊ देत.

भाचा म्हणेल, "मामा, माझं जुनं गिऱ्हाईकच नाही, मी कुणाकडं जाऊ?" रास्त आहे. त्यानं गळकी बाथरूमं घ्यावीत, एखादी कंपाउंडची भिंत घ्यावी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग घ्यावं. मोठे कॉन्ट्रॅक्टर ज्या कामाला नाक मुरडतात, ते काम. झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून मालकाला खालून छत दाखवावं. साईटसमोरचा रस्ता रोज संध्याकाळी झाडून घ्यावा, कारण आपल्या वाळूचा आणि धुळीचा त्रास शेजारी सोसत असतो. तोही घर बांधणार असतो, किंवा त्याचा भाऊ तरी.

याला वेळ लागतो. दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातील, हे मी लपवणार नाही. पण पैसे भरून मिळालेला फोन दर ऐकून बंद होतो, आणि गुरुजींसारख्या माणसाचा एक शब्द अख्ख्या गल्लीत फिरतो. बरा असो की वाईट.

जाता जाता नातेवाईक मंडळींना एक विनंती. पोराला कामं जरूर द्या, पण "घरचाच आहे" म्हणून शेवटचं बिल अडकवू नका. गवंड्याला शनिवारी पगार द्यावाच लागतो.

आणि भाच्या, पाऊस सुरू झाला की ये. यंदा सहा घरं बघायची आहेत.