गिरणी सुरू, इंटरनेट बंद



गावोगावच्या विकास सोसायट्यांत आता संगणक आला आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. २०२३ पासून याच संस्थांना सेवा केंद्राची कामेही करता येऊ लागली. कर्जाचे खाते, पीकविम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, सगळे एका टेबलावर आले. सोय झाली यात शंका नाही. पण ही सगळी सोय टेबलावरच्या इंटरनेटवर उभी आहे. ते चालले तर सोय, नाहीतर खोळंबा. आज त्याचीच गोष्ट सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही लपवत नाही.

दोन वर्षांमागची हकीकत. आमच्या सोसायटीचे कार्यालय म्हणजे जुन्या दगडी बांधणीच्या तीन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत संगणक, मधल्या खोलीत तिजोरी आणि कपाटे, मागच्या खोलीत सेवा केंद्र. जूनपासून तक्रारी सुरू होत्या, की इंटरनेट मध्येच जाते. संचालकांची सभा भरली. मी तावातावाने म्हणालो, "जुना डबा टाका, मोठा आणा!" साडेपाच हजार मोजून चार शिंगांचा नवा राउटर आणला. चोरीची भीती म्हणून तो मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. सत्कार करायचा तेवढा बाकी राहिला!

मग आला जुलैचा शेवटचा दिवस. खरीप पीकविम्याच्या अर्जांची मुदत त्या रात्री संपत होती. ओट्यावर पन्नासएक माणसे बसलेली. एक अर्ज अर्धा भरावा, की पडद्यावर चाक फिरायला लागे. पाच मिनिटांनी परत सुरू. तोवर सगळे पान पुसलेले, पुन्हा पहिल्यापासून. सेक्रेटरी घामाघूम झाले. ओट्यावर वाडीवरची एक म्हातारी सकाळपासून बसून होती. ती म्हणाली, "अरं लेकरा, ती गिरणी सुरू झाली की तुझं बंद पडतंय बघ." सेक्रेटरी म्हणाले, "आजी, गिरणीचा न् इंटरनेटचा काय संबंध? बसा तुम्ही." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

म्हातारीचा अर्ज संध्याकाळी कसाबसा गेला. तिच्या मागच्या तिघांचे राहिले. त्यांतला एक आमच्या बांधाला बांध असलेला शेजारी. त्या सप्टेंबरात पाऊस असा बसला की उभे सोयाबीन शेंगेतच उगवले. विमा असलेल्यांनी निदान तक्रार तरी नोंदवली. शेजारी काही बोलला नाही. पण बांधावर भेटला की मला मान वर करवत नसे.

ऑगस्टमध्ये एका सभासदाचा मुलगा सुटीवर आला होता. आय.टी.आय. करून शहरात कार्यालयांमध्ये इंटरनेट बसवण्याचे काम करतो. त्याला दाखवले. मला वाटले, हा आणखी एखादे यंत्र सांगणार. त्याने मागितली एक वही! म्हणाला, "काका, पंधरा दिवस एवढंच करा. इंटरनेट गेलं की वेळ लिहा, परत आलं की वेळ लिहा. आणि गेलं तेव्हा डब्यावरचे दिवे कसे होते, तेही लिहा."

पंधरा दिवसांनी वही बघितली. सकाळी नऊ, अकरा, दुपारी चार. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या वेळा त्याच. म्हातारी खरी होती. गिरणीची मोटर सुरू होताना विजेचा मोठा झटका ओढते, त्या क्षणी आमच्याकडचा दाब खाली येतो. संगणक बंद पडत नव्हता, कारण तो इन्व्हर्टरवर होता. पण बाहेरून इंटरनेट आणणारा कंपनीचा डबा साध्या बोर्डावर लावलेला! त्याला झटका बसला की तो बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि जोडणी जुळायला तीन-चार मिनिटे घ्यायचा. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असा आमचा कारभार. डब्याचा प्लग काढून इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावला. खर्च शून्य.

मंडळी, तुमच्या सोसायटीत, दूध संस्थेत, ग्रामपंचायतीत असाच प्रकार असेल, तर पैसे काढण्याआधी पुढचे वाचा.

कार्यालयातले इंटरनेट आपल्या पाण्याच्या व्यवस्थेसारखे समजा. बाहेरून येणारी लाइन ही विहीर. आतली तार ही पाइपलाइन. आणि बिनतारी वायफाय म्हणजे तुषारची नोझल. नोझल कितीही भारी आणली तरी विहिरीत पाणी नसेल तर ती काय उडवणार? म्हणून तपासणी नेहमी विहिरीपासून सुरू करायची.

पहिली, विहीर. आता बऱ्याच ठिकाणी लाइन फायबरची असते. फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा, त्यातून प्रकाश जातो. हा धागा खिळ्याला गुंडाळला, दारात चेपला किंवा काटकोनात वाकवला तर प्रकाश गळतो. कंपनीच्या डब्यावर 'एल.ओ.एस.' असे लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश पोहोचतच नाही असे समजा. अशा वेळी राउटरशी झटापट करू नका, सरळ तक्रार नोंदवा. आणि तुटलेल्या धाग्याच्या तोंडाशी डोळा लावून कधीही पाहू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पोराबाळांनाही सांगून ठेवा.

दुसरी परीक्षा तारेची. संगणक तारेने थेट डब्याला जोडा आणि तासभर काम करा. तारेवर चांगले चालले आणि वायफायवर अडखळले, तर दोष बिनतारीत आहे. तारेवरही अडखळले, तर दोष लाइनीत, डब्यात किंवा विजेत. ही एक परीक्षा आम्ही आधी केली असती तर साडेपाच हजार वाचले असते.

तिसरे, वायफाय. आमचा विजेचा दोष निघाला तरी मागच्या खोलीत रड होतीच. कारण उघड होते. लोखंडी कपाटात ठेवलेला राउटर म्हणजे हंड्यात ठेवलेला कंदील! लोखंड आणि पत्रा या लहरी परतवतात. जाड दगडी भिंत आणि पाण्याची टाकी त्या शोषून घेतात. राउटर कपाटाबाहेर, उंचावर, होईल तितका कार्यालयाच्या मध्यावर ठेवावा. चोरीची भीती असेल तर भिंतीवर उंच प्लॅस्टिकच्या पेटीत बसवावा, लोखंडी पेटीत नव्हे.

बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीतून लांबवर जातात, पण त्यांची वाट अरुंद. ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान, पण भिंत आली की दमतात. या लहरींना परवाना लागत नाही. आपल्या देशात २.४ ची मुभा २००५ मध्ये आणि ५ ची मोठी मुभा २०१८ मध्ये मिळाली. परवाना नाही म्हणजे वाट सगळ्यांची. शेजारचे दुकान, पतपेढी, वरचे घर, सगळे त्याच वाटेने जातात. २.४ मध्ये वाहिन्यांचे क्रमांक पुष्कळ दिसतात, पण एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच धराव्यात: १, ६ आणि ११. शेजारी कोणत्या वाहिनीवर आहेत ते मोबाइलवरच्या साध्या ॲपने दिसते. त्यांतली कमी गर्दीची आपण घ्यावी.

दूरच्या खोलीसाठी दुकानदार 'रिपीटर' सुचवतो. भिंतीत खुपसला की झाले, असे सांगतो. पण साधा रिपीटर जे ऐकतो तेच पुन्हा ओरडून सांगतो, तेही त्याच वाहिनीवर. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा त्या खोलीपर्यंत चांगली तार ओढा आणि तिथे दुसरे 'ॲक्सेस पॉइंट' बसवा. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, वाहिनी मात्र वेगळी ठेवा. आम्ही कपाटातला चार शिंगांचा राउटर शेवटी याच कामाला मागच्या खोलीत लावला. तार एका दमात १०० मीटरपर्यंत चालते. मात्र एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. आसपास वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रे जळतात. तिथे फायबर ओढावी.

आणि एक सोपा नियम लक्षात ठेवा. जे हलत नाही त्याला तार, जे हलते त्याला बिनतारी. टेबलावरचा संगणक आणि छपाईचे यंत्र हलत नाही. त्यांना तारेवर घ्या. मग वायफायवर फक्त मोबाइल आणि टॅब राहतात, आणि गर्दी आपोआप कमी होते. बिनतारी इंटरनेट भरवशाचे हवे असेल तर त्याच्यामागे तार आणि वीज भरवशाची हवी, हे मी त्या वर्षी शिकलो.

मुदतीच्या दिवसांसाठी दुसरी विहीर असू द्यावी. सिमकार्डवर चालणारा डबा मिळतो. तो फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचा घ्या, नाहीतर दोन्ही विहिरी एकाच झऱ्यावर असायच्या. आणि ऐन वेळी नव्हे, आधीच चालवून पाहा.

शेवटची गोष्ट कुलपाची. कार्यालयात सभासदांची कर्जखाती आणि आधार क्रमांक असतात. राउटरसोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेत डब्ल्यू.पी.ए.२ किंवा ३ निवडा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना इंटरनेट द्यायचे असेल तर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडण्याची सोय राउटरमध्ये असते, ती वापरा. कार्यालयाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. नोकर सोडून गेला की किल्ल्या परत घेतो ना, तसा पासवर्डही बदला.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या एक तारखेला सेक्रेटरी मुख्य स्विच बंद करतात आणि इन्व्हर्टरवर इंटरनेट चालू राहते का ते दहा मिनिटे पाहतात. वही अजून टेबलावर आहे. गेल्या जुलैअखेर ओट्यावर तशीच गर्दी होती. गिरणी नेहमीसारखी धडधडत होती. अर्ज एकामागून एक जात होते, आणि शेजाऱ्याचा अर्ज पहिल्या दहांत गेला. पावती हातात घेऊन तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "चला, चहा घेऊ."

म्हातारीही आली होती. सेक्रेटरी स्वतः उठून तिला खुर्ची देत म्हणाले, "आजी, तुमचंच खरं होतं." ती म्हणाली, "लेकरा, ओट्यावर बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. तुम्ही आत बसून नुसतं पडद्याकडं बघता."

मंडळी, तुमच्या कार्यालयातले इंटरनेट रडत असेल तर दुकानात जाण्याआधी एक वही घाला. आणि ओट्यावर बसलेल्यांना विचारा.